नगरची शाळा, अमेरिकेची गुलामी आणि जोतीरावांची अर्पणपत्रिका

१८४८ साली जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे अहमदनगरला गेले. गोवंडे तिथे नोकरीला होते. आदल्याच वर्षी जोतीरावांनी टॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचून काढले होते आणि माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा विचार त्यांच्या मनात घर करून बसला होता. नगरात त्यांनी अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. त्या चालवीत होत्या सिंथिया फॅरार नावाच्या अविवाहित अमेरिकन बाई. पुण्यास परतल्यावर त्याच वर्षी एकवीस वर्षांच्या जोतीरावांनी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही फॅरारबाईंच्या हाताखाली झाले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते.

या भेटीला पंचवीस वर्षे झाली तेव्हा जोतीरावांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. १८७३ सालच्या या पुस्तकाची अर्पणपत्रिका आहे युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना. निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेले औदार्य, निःस्वार्थ बुद्धी आणि त्याग यांचा गौरव तिथे आहे. आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी आशाही आहे. पुण्यातला एक मराठी माणूस आपल्या गावगाड्यातल्या दुःखाची सांगड अटलांटिकपलीकडच्या काळ्या गुलामांच्या दुःखाशी घालत होता. पुढे शंभर वर्षे मराठी विचाराने ही सांगड सोडली नाही.

तिची पाळेमुळे शोधायला निघालेला माणूस नगरला पोहोचतो. मात्र नगरात आलेली अमेरिका आणि जोतीरावांनी पुस्तक अर्पण केलेली अमेरिका या दोन्ही एकच होत्या का, हे तपासून पाहावे लागते.

खरे तर नगरला काळ्या माणसाची ओळख मिशनऱ्यांच्या कितीतरी आधीची. आफ्रिकेतल्या हबसाणात १५४८च्या सुमारास जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि बाजार फिरत फिरत दख्खनला आला. त्याला विकत घेणारा चंगीझखान हा निजामशाहीचा पेशवा होता आणि तो स्वतःही हबशीच होता. हा मुलगा म्हणजे मलिक अंबर. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर त्याने निजामशाहीचा वारस गादीवर बसवला आणि पाव शतक ते राज्य आपल्या खांद्यावर पेलले. जमीन मोजून सारा ठरवण्याची त्याची पद्धत दख्खनच्या महसुली इतिहासात मानाने नोंदली गेली. १६२४ साली नगरजवळच्या भातवडीला त्याने मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते.

१६१९ साली मलिक अंबर ऐन भरात असताना अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीच्या किनाऱ्यावर वीसेक आफ्रिकी माणसे उतरवण्यात आली. अमेरिकेतल्या काळ्यांच्या गुलामीचा इतिहास सांगताना त्या सालापासून सुरुवात करण्याची रीत आहे. दोन्हीकडे विकली गेलेली माणसे आफ्रिकेचीच. पुढची वाट मात्र पार वेगळी झाली. १६२६ साली मलिक अंबर वारला आणि त्याचा मुलगा फत्तेखान निजामशाहीचा कारभारी झाला. व्हर्जिनियात १६६२ साली कायदा झाला की मूल आईच्या दर्जाचे, म्हणजे गुलाम बाईचे मूल जन्मतःच गुलाम. त्या कायद्याने कातडीचा रंग आणि जन्म यांची गाठ पक्की बांधली.

याचा अर्थ दख्खनला रंगाचा तिरस्कार ठाऊक नव्हता असा नाही. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात मलिक अंबरला त्याच्या काळ्या रंगावरून हिणवले आहे. भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या शिरावर आपण बाण सोडतो आहोत असे चित्रही त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते शिर त्याच्या हाती कधीच लागले नाही. तरीही हबशी माणसाला नगरच्या राज्यात वर चढता येत होते. जन्माने कायमची बांधलेली माणसे या मुलखात दुसरीच होती. महाराच्या पोटी आला तो महार, मांगाच्या पोटी आला तो मांग. त्यांची वस्ती गावकुसाबाहेर, पाणवठा वेगळा, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाट्याला येईल ते बलुते. व्हर्जिनियाच्या कायद्याने जन्मावर जे लादले, ते इथे कायद्याचा कागद न लागता रूढीने चालत होते.

अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ साली उतरले. त्यांना धाडणारे अमेरिकन बोर्ड १८१० साली स्थापन झाले होते. त्याचा उगम मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी १८०६ साली गवताच्या गंजीच्या आडोशाला केलेल्या प्रार्थनेत सांगितला जातो. ते कॉलेज बर्कशायर परगण्यात आहे. या परगण्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. डिसेंबर १८३१ मध्ये ग्रेव्हज, हर्वे आणि रीड हे तीन मिशनरी नगरला आले आणि मिशनचे ठाणे उभे राहिले. जून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरातच सुरू झाले. पुढे १८५५ साली याच ‘ज्ञानोदया’त जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा महारमांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला.

ज्या १८३१ साली ही मंडळी नगरला पोहोचली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्याच मुलखात एक सभा भरली होती. कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावात काळ्या तरुणांसाठी महाविद्यालय काढावे, अशी योजना सिमियन जॉसलिन या गोऱ्या पाद्र्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडली. येल कॉलेज त्याच गावात असल्याने विद्येचे वातावरण आयतेच मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. गावाने सभा बोलावली आणि सुमारे सातशे विरुद्ध चार मतांनी योजना फेटाळून लावली. अमेरिकेतले काळ्यांचे पहिले महाविद्यालय ठरू शकली असती अशी ही संस्था जन्मण्याआधीच मेली.

पुढे थोड्याच काळात याच राज्यातल्या कँटरबरी गावात प्रुडन्स क्रँडल या शिक्षिकेने सारा हॅरिस या काळ्या मुलीला आपल्या शाळेत घेतले. गोऱ्या पालकांनी आपापल्या मुली काढून घेतल्या. क्रँडलबाई डगमगल्या नाहीत. एप्रिल १८३३ मध्ये त्यांनी फक्त काळ्या मुलींसाठी शाळा नव्याने उघडली. मे महिन्यात राज्याने खास कायदा करून राज्याबाहेरच्या काळ्या मुलांना गावाच्या परवानगीशिवाय शिकवणे बंद केले आणि जूनमध्ये बाईंना अटक झाली. सप्टेंबर १८३४ मध्ये जमावाने रात्री शाळेवर हल्ला चढवला तेव्हा मुलींच्या जिवाच्या काळजीने त्यांनी शाळा मिटवली. पुण्यात शाळेला निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण-दगड फेकले गेल्याची आठवण महाराष्ट्र सांगतो. कँटरबरीची ही हकिगत त्याच्या चौदा-पंधरा वर्षे आधीची. मुलींच्या हाती पाटी आली की जगाच्या दोन टोकांना सारखेच दगड उचलले जात होते.

नगरच्या फॅरारबाई याच न्यू इंग्लंडच्या. १७९५ साली न्यू हॅम्पशायर राज्यात त्यांचा जन्म झाला. १८२७ साली बोर्डाने त्यांना मुंबईला धाडले, १८३९ साली त्या नगरला आल्या आणि १८६२ साली नगरातच वारल्या. परदेशी धाडलेल्या पहिल्या अविवाहित अमेरिकन शिक्षिकांत त्यांचे नाव घेतले जाते. पण त्यांच्याही आधी, १८२२ साली, याच बोर्डाने एका अविवाहित बाईला हवाई बेटांवर पाठवले होते. तिचे नाव बेट्सी स्टॉकटन. ती काळी होती आणि गुलाम म्हणून जन्मली होती. प्रिन्स्टन कॉलेजचे अध्यक्ष अॅशबेल ग्रीन यांच्या घरात ती राबली. त्यांच्याच ग्रंथसंग्रहावर ती शिकली, आणि पुढे त्यांनी तिला मुक्त केले. हवाईत तिने सरदारांची मुले सोडून सामान्य रयतेसाठी शाळा चालवली. अमेरिकेत परतल्यावर उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग प्रिन्स्टनमधल्या काळ्या मुलांना शिकवण्यात घालवून १८६५ साली ती वारली. कॉलेजचा अध्यक्ष गुलाम बाळगतो आणि त्याच्याच घरातली गुलाम मुलगी शिक्षिका होऊन समुद्र ओलांडते. त्या काळच्या अमेरिकन विद्येची ही दोन्ही रूपे एकाच छपराखाली नांदत होती.

बोर्डाच्या कारभारातही हाच ताण होता. हिंदुस्थानातले त्याचे मिशनरी जातिभेदावर लिहीत आणि बोलत होते. चर्चमध्ये आलेल्याने जात सोडावी, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतल्या चेरोकी आणि चोक्टॉ या मूळ रहिवाशांमधल्या बोर्डाच्या चर्चमध्ये मात्र गुलामांचे मालक सभासद होते आणि त्यांना बाहेर काढायला बोर्ड तयार नव्हते. दक्षिणेतल्या गुलाममालकांच्या देणग्याही चालत होत्या. गुलामीविरोधकांनी वर्षानुवर्षे जाब विचारला. १८४५ साली ब्रुकलिनच्या वार्षिक सभेत मोठा वाद झाला, पण बोर्डाने ठाम भूमिका घ्यायचे टाळले. जात हे पाप आहे असे नगरात सांगणारी संस्था गुलामी हे पाप आहे असे घरच्या लोकांना सांगताना कचरत होती.

मग माणसे फुटली. सप्टेंबर १८४६ मध्ये ऑल्बनी येथे अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था उभी राहिली. तिच्या स्थापनेत काळे आणि गोरे दोघेही होते, आणि गुलाममालकाचा पैसा घ्यायचा नाही हा तिचा दंडक होता. यादवी युद्ध चालू असतानाच हीच संस्था शिक्षक घेऊन दक्षिणेत उतरली होती, आणि १८६५च्या डिसेंबरमध्ये गुलामी घटनेने बंद झाली. कालपर्यंत ज्यांना अक्षर शिकवणे हा अनेक राज्यांत गुन्हा होता, त्यांच्यासाठी तिने शाळा आणि महाविद्यालये उभारली. हॅम्प्टन, टॅलडेगा, टूगलू, अटलांटा ही त्यांतली काही नावे. नॅशविलची फिस्क ही शाळा जानेवारी १८६६ मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत सुरू झाली. पाच वर्षांत तिची तिजोरी रिकामी झाली. तेव्हा विद्यार्थ्यांचे एक गायकपथक गुलामीच्या काळातली भक्तिगीते गात गावोगाव निघाले. १८७३ साली ते इंग्लंडला पोहोचले आणि व्हिक्टोरिया राणीपुढे गायले. त्या कमाईतून फिस्कची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. ज्या वर्षी गुलामांची मुले आपल्या महाविद्यालयासाठी लंडनमध्ये गात होती, त्याच वर्षी पुण्यात जोतीरावांनी अर्पणपत्रिका लिहिली आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन केला.

म्हणून ती अर्पणपत्रिका नीट वाचली पाहिजे. ती साऱ्या अमेरिकेला नाही आणि मिशनलाही नाही. गुलामांच्या मुक्तीसाठी ज्यांनी झीज सोसली, त्यांनाच ती आहे. नगरच्या अमेरिकन शाळेचे ऋण जोतीरावांनी उघडपणे मानले होते. तरीही पुस्तक अर्पण करताना त्यांनी अमेरिकेतली सर्वांत निर्भय माणसे निवडली. ‘गुलामगिरी’तल्या जोतीबा आणि धोंडीबा यांच्या संवादाचा रोख पुन्हा पुन्हा विद्येकडे वळतो, कारण शूद्रातिशूद्रांना अज्ञानात ठेवल्यानेच त्यांचे दास्य टिकले असे जोतीरावांचे निदान होते. दक्षिणेतल्या मळेवाल्यांनीही गुलामाच्या हाती पुस्तक जाऊ नये म्हणून कायदे केले होते. दोन्हीकडचे कुलूप एकच होते आणि ते ओळखणारी नजर जोतीरावांपाशी होती.

पण अर्पणपत्रिकेतली आशा अमेरिकेत फार दिवस टिकली नाही. १८७० साली हायरम रेव्हल्स हा पहिला काळा सभासद सिनेटमध्ये बसला होता. १८७७ साली दक्षिणेतून केंद्राचे लष्कर निघाले आणि गोऱ्यांचे राज्य परत आले. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केल्यावर आगगाडीचा डबा, शाळा, पाण्याचा नळ, सारे काही रंगाप्रमाणे वाटले गेले. गावकुसाबाहेर राहणाऱ्याला ही व्यवस्था नवखी वाटली नसती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिले. त्या देशाचे भरभरून कौतुक करणाऱ्या रमाबाईंनीही तिथल्या वर्णद्वेषाकडे डोळेझाक केली नाही.

१९१३ साली भीमराव आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. विद्यापीठालगतच्या हार्लेममध्ये तेव्हा काळ्यांची वस्ती वाढत होती. त्याच वर्षी अध्यक्ष विल्सन यांच्या राजवटीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळे आणि गोरे कर्मचारी वेगळे बसवले जाऊ लागले. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसलेल्या विद्यार्थ्याला कोलंबियात मात्र ड्युई आणि सेलिग्मन यांच्यासारख्या गुरूंनी बरोबरीने वागवले. गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना आंबेडकरांनी पुढे विस्ताराने केली. त्यांचा मुद्दा असा की गुलामी उघड असते, गुलामाला आपल्या बंधनाची जाणीव असते आणि कायदा बदलून ते बंधन तोडता येते. अस्पृश्यता लपलेली असते, म्हणून ती अधिक चिवट.

१९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. आपण निग्रोंच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत, त्यांची आणि अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की हा अभ्यास आपल्याला अत्यावश्यक वाटतो, असे त्यांनी कळवले. नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रतीही मागितल्या. ३१ जुलैच्या उत्तरात ड्यू बॉइस यांनी आपण आंबेडकरांचे नाव जाणतो आणि अस्पृश्यांबद्दल आपल्याला सहानुभूती आहे, असे लिहिले.

हे ड्यू बॉइस कोण? १८६८ साली बर्कशायर परगण्यातल्या ग्रेट बॅरिंग्टन गावी त्यांचा जन्म झाला. ज्या परगण्यातल्या प्रार्थनेतून अमेरिकन बोर्ड निघाले आणि नगरला पोहोचले, तोच हा परगणा. गावच्या मंडळींनी आणि काँग्रिगेशनल चर्चनी वर्गणी काढून या हुशार काळ्या मुलाला १८८५ साली शिकायला पाठवले ते फिस्कला. अमेरिकन बोर्डालाही असल्याच चर्चच्या वर्गणीचा आधार होता. पुढे १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले काळे विद्वान ठरले. एका परगण्यातून निघालेली एक वाट नगरमार्गे जोतीरावांपर्यंत आली. बोर्डाशी भांडून निघालेली दुसरी वाट फिस्कमार्गे ड्यू बॉइसपर्यंत गेली. आंबेडकर जोतीरावांना गुरू मानत. १९४६च्या त्या दोन पत्रांत या वाटा एकमेकींना भेटल्या.

त्यानंतरचा इतिहास बराचसा ओळखीचा आहे. १९५४ साली अमेरिकन न्यायालयाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला. १९६६ साली ओकलंडमध्ये मेरिट कॉलेजच्या ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. इकडे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे दलित लेखकांना काळ्यांच्या साहित्याची ओळख करून देत होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या धामणगावात वाढलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, आणि जोतीरावांनी ज्याला गुलामी म्हटले ते आतून कसे असते, हे त्या मुलखातल्याच माणसाने सांगितले.

आज ही गोष्ट उलट दिशेनेही वाहते आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात विद्यापीठ-प्रवेशासाठी वंशाचा विचार करण्याची पद्धत रद्द केली. दुसरीकडे आपण तिथे नेलेल्या जातीचा विचार तिथल्या संस्थांना करावा लागतो आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली आणि सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. कॅलिफोर्निया राज्याचे तसेच विधेयक विधिमंडळात मंजूर झाले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी ते नाकारले.

अहिल्यानगर हे जिल्ह्याचे आजचे नाव. इथल्या अनेक घरांतून मुले-मुली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जातात आणि त्यांच्या कर्तबगारीचा जिल्ह्याला अभिमान आहे. ज्या विद्यापीठांत ती पाऊल ठेवतात, त्यांची दारे काळ्या माणसांनी दोनशे वर्षे लढून उघडली आहेत. बाहेरून आलेल्या प्रत्येकाला त्या लढ्याचा लाभ झाला आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि आंबेडकर–ड्यू बॉइस यांची पत्रे शेजारी शेजारी ठेवून शिकवावीत. परदेशी निघालेल्या तरुणांना एवढेच सांगायचे आहे की तिथे काळ्या सहाध्यायाला परका मानू नका आणि आपल्याच गावाहून आलेल्या सोबत्याला त्याची जात विचारू नका.